घरी देवी आल्यात

ओल्या लुगड्याचं पाणी अजून टाचांवरून निथळत होतं. बयाबाईने तांब्यात उरलेलं पाणी उंबऱ्यावर शिंपडलं, चौकटीतला कालचा सुकलेला लिंबाचा डहाळा काढून नवा खोचला आणि डोकं वर केलं, तर खालच्या वाटेने तिचा नवरा खांद्यावर तीन लांब काठ्या घेऊन चढत होता. काठ्या पिवळ्याधमक, गुळगुळीत, वरच्या टोकाला पितळेने एकत्र जोडलेल्या. त्याच्यामागे एक साहेबी टोपी, टोपीमागे काळी छत्री, आणि छत्रीखाली कडेवर तान्हं मूल घेतलेली एक बाई.

बयाने तांब्या दोन्ही हातांनी घट्ट धरला.

आज नववा दिवस होता. नऊ दिवस या घरात फोडणी पडली नव्हती, कुणी डोक्याला फणी लावली नव्हती, कुणी कुणाला मोठ्याने हाक मारली नव्हती. आतल्या अंगाला जुन्या लुगड्याचा पडदा बांधला होता आणि पडद्यामागे लिंबाच्या पाल्यावर तिची आठ वर्षांची लेक निजली होती. लेकीचं नाव नंदा. पण ताप चढून कपाळावर पहिले दाणे दिसले त्या दिवसापासून ते नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं. देवी येऊन बसल्या. आता पोरीचं अंग म्हणजे त्यांचं आसन. म्हणून बया आपल्याच लेकीला ‘बाई’ म्हणे. ‘पानी घेता का, बाई?’ असं विचारी, आणि उत्तर येईपर्यंत हात जोडून बसे. रोज सकाळी अंघोळ करून ओलेत्याने उंबराखालच्या देवीच्या शेंदरी तांदळ्यावर पाणी घालायचं, दिवसातून एकदा अळणी भात खायचा, हा तिने धरलेला नेम होता.

दुसरा नेम सासूने, धोंडाबाईने घालून दिला होता. बाई बसल्यात तोवर घरातल्या कुणाच्या तोंडून ‘न्हाई’ निघायचं नाही. दारात कोण कुठल्या रूपाने येईल, काय सांगावं? भिकारी आला, मूठभर घाला. कुणी भांडायला आलं, ‘बरं’ म्हणा. मीठ संपलं तर ‘मीठ वाढलं’ म्हणा. बयाला ते जड गेलं नव्हतं. तिचा आवाज मुळातच असा, की शेजारणीने दोनदा विचारल्याशिवाय तिचं बोलणं कुणाला ऐकू जात नसे.

महिपती काठ्या सावरत पुढे धावत आला. त्याच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला होता.

“शेठ आल्यात,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “बंगल्याचं शेठ. फोटूचा डबा घिऊन.”

“कशापायी?”

“देवी बघाया.”

बयाने चौकटीतल्या लिंबाकडे बोट केलं.

“अगं, म्या रजा मागितली. का म्हनून इचारलं, तवा म्हनलं, घरी देवी आल्यात. दुसरं काय म्हननार? पारशी मानूस, त्येंच्यात देवीला दुसरंच काय तरी म्हनत्यात. त्येंना वाटलं, मूर्ती बसवलीय घरात. आज त्येंची सुटी. लिंब आनाया वाकसईला चाललो व्हतो, तर वाटंत बद्रूच्या टांग्यातनं हाक मारली आन ह्या काठ्या खांद्यावर दिल्या.”

“मग सांगायचं व्हतं खरं काय ते.”

“खरं?” महिपतीने मागे वळून पाहिलं. टोपी आता कुंपणापाशी पोचली होती. “डाक्टरसायेब रोज सांजचं शेठच्या वऱ्हांड्यात पत्ते कुटत बसत्यात. आज सांगितलं तर उद्या गाडी दारात.”

ती गाडी बयाला ठाऊक होती. गेल्या साली कान्हे गावच्या अंबाजीची लेक अशीच सरकारी गाडीत घालून नेली होती. माळावर तट्ट्यांची छपरं घातली होती, त्यांत अशी माणसं ठेवायचे. आईबापांनी दोरीच्या बाहेर उभं राहायचं. अठराव्या दिवशी अंबाजीच्या हातात पोरीचे वाळे ठेवले होते. नुसते वाळे.

आणि गाडीइतकीच भीती त्या डब्याची. दोन वर्षांमागे शेठ असेच डबा घेऊन पाणवठ्यावर आले होते. पुढे बंगल्यावर माळीकाम करणारा महिपती आत फुलदाण्या भरायला गेला, तर दिवाणखान्याच्या भिंतीवर आपल्या शेजारची रतनबाई. गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं, डोक्यावर हंडा, पदर ढळलेला, काचेच्या आत, सोनेरी चौकटीत. मुंबईचे पाहुणे चहा पिता पिता तिच्याकडे बघत होते. महिपतीने घरी येऊन बयाला सांगितलं, बयाने कुणाला सांगितलं नाही, तरी कसं कोण जाणे ते गावात झालं. रतनबाई अजून तिन्हीसांजेशिवाय पाण्याला जात नाही.

आता त्या भिंतीवर नंदा. असं तोंड घेऊन.

“या शेठ, या,” धोंडाबाई दारात येऊन उभी राहिली. सत्तरीची म्हातारी, पण पाठ ताठ. हसऱ्या तोंडानेच तिने सुनेच्या कानाशी म्हटलं, “पानी दे त्यास्नी. आन तोंड सांभाळ.”

शापूरशेठ गोरेपान, गुबगुबीत गृहस्थ. चढाने दमले होते, तरी आनंदात होते. त्यांनी टोपी काढून घाम पुसला, घराकडे पाहिलं, मागच्या नागफणीच्या सुळक्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून तिच्यातून पुन्हा घराकडे पाहिलं.

“अरे महिपती, हा तुझा घर? फर्स्ट क्लास! आणि साला इतके वर्ष बोलला नाय!”

महिपती कसंनुसं हसला. शेठनी त्याच्याकडून काठ्या घेतल्या, अंगणाच्या मध्यावर त्यांचे तीन पाय रोवले आणि वर पेटी बसवली. पेटीच्या पोटातून काळी चुण्याचुण्यांची नळी बाहेर आली. तिच्या टोकाला काचेचा डोळा होता आणि तो सरळ दाराकडे बघत होता.

टांगेवाला बद्रुद्दीन शेठची कातडी पिशवी घेऊन वर आला होता. त्याने चौकटीतला लिंब पाहिला, बयाकडे पाहिलं, आणि पिशवी कुंपणाच्या आत नुसती सरकवून तो मागे जांभळीखाली जाऊन उभा राहिला.

“ये की बद्रू, घोटभर पानी घे,” धोंडाबाई म्हणाली.

“हितंच बरा हाय, मावशी,” तो म्हणाला. “सावली हाय.”

त्याला कळलं होतं. बयाने खाली मान घातली.

“हां आजी,” शेठ म्हणाले, “देवी कुठे हाय?”

“आत बसल्यात.”

“बसलेली मूर्ती! चांगला. चांदीची काय?”

धोंडाबाईची क्षणभर अडचण झाली. नाही म्हणता येत नव्हतं, आणि देवीच्या बाबतीत खोटंही बोलता येत नव्हतं. घरात नऊ दिवस फोडांना जे म्हणत होते, तेच तिच्या तोंडून निघालं.

“अंगभर मोती हायेत बाईंच्या.”

महिपतीने डोळे मिटले.

“मोती!” शेठ बायकोकडे वळले. “सांभळ्युं के? मोती!” मग ते भराभर पेटीशी खुटखुट करायला लागले. “काढायलाच पायजे. असा फोटो मुंबईत कोणाकडे नसेल.”

बया पुढे झाली. 

“शेठ... चामडं...” ती म्हणाली. “बाईंस्नी चामडं...”

शेठनी आपल्या बुटांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग पेटीच्या काळ्या नळीवर हात फिरवला. तीही चामड्याची होती. ते एकदम गंभीर झाले आणि त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला.

“बरोबर बोलली तू. आमच्या अग्यारीत पण नियम असते. मला समजते. मी अंदर पाय नाय ठेवणार. इथूनच काढतो. आत अंधार हाय, म्हणून मी दहा मोजणार, तवर कोणी हलायचा नाय. बस.”

माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. ओरडला असता, घुसला असता, तर महिपतीलाही अवसान आलं असतं. हा कान पकडत होता, आणि पेटीचा डोळा दारावरून हलवत नव्हता.

धोंडाबाईने सुनेला आत ओढलं.

“घाबरू नगं. देव्हाऱ्यातला टाक घे. पाट मांड पडद्याम्होरं, त्यावर टाक ठेव, पाला घाल. त्यास्नी देवी पायजे, देवी घ्या म्हनावं. पडद्याला हात लावाया कोन येतंय?”

बयाने पाट मांडला. देवीचा चांदीचा टाक, अंगठ्याएवढा, झिजलेला. भोवती लिंबाचा पाला. पडद्यामागे लेकीचा श्वास ऐकू येत होता, वाळक्या पानांवरून काहीतरी सरपटल्यासारखा. बयाने पडद्याची कड नीट ओढून खाली दगड ठेवला. मग पहिल्यांदा तिने पुरता श्वास घेतला. होईल, ती मनाशी म्हणाली. दहा मोजेल आणि जाईल.

बाहेर शेठ काळ्या फडक्यात डोकं घालून वाकले होते. फडक्याआडून त्यांचा आवाज येत होता, “अजून थोडा... अजून थोडा... अंधार बहु हाय.”

बाईसाहेब मात्र छत्री मिटून दारापाशी आल्या. वय पंचविशीचं. केसांवर पांढरं फडकं बांधलेलं, पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला, डोळ्यांखाली काळं. खांद्यावर तान्ही झोपली होती.

“तू आई हाय ना इथली?” त्यांनी विचारलं.

बयाने मान हलवली.

“फोटो त्याचा शौक,” बाईसाहेब नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. “पण इथे चला, असं मीच बोलले. माझी दोन गेली. एक सहा महिन्याची, एक दीड वर्षाची. ही तिसरी.” त्यांनी गाल तान्हीच्या टाळूला लावला. “पिलू.”

बया चपापली. नंदाला ती तान्ही असताना असंच म्हणायची. पिल्लू.

“पिलू तिचं नाव हाय,” बाईसाहेब म्हणाल्या. “मला तिला देवीच्या पायावर ठेवायची हाय. एकच मिनिट. ठेवते आणि उचलते.”

उन्हामुळे तान्हीचा झग्याचा हात वर सरकवलेला होता. दंड लोण्यासारखा. त्यावर एक डाग नव्हता. बयाची नजर तिथे खिळली. गावातल्या प्रत्येकाच्या दंडावर टोचल्याच्या खुणा होत्या, तिच्या स्वतःच्या होत्या. नंदाच्या नव्हत्या. लस टोचणारा गावात, कुरवंड्यात आला त्या दिवशी सुईच्या भीतीने रडणाऱ्या पोरीला बयानेच कणगीमागे लपवलं होतं आणि टोचणाऱ्याला सांगितलं होतं, पोरगी मामाकडे गेलीय.

“टोचली व्हय हिला?” तिने दोन बोटं आपल्या दंडावर आपटून विचारलं.

“नाय. डॉक्टर बोलला, जरा तब्येत होऊ दे.”

आतून धोंडाबाई कुजबुजली, “येऊ दे की तिला. पाटापाशी ठेवंल, उचलंल, जाईल. आपल्या बाई झाकल्यात.”

बया उंबऱ्यावर उभी होती. पाटापासून पडदा वीतभर. पडदा तो काय, शंभर ठिकाणी विरलेलं लुगडं. तिच्यामागून बारीक आवाज आला, “पानी.” तिने वळून पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात चौकटीला लागले होते आणि ते कधी लागले, हे तिला कळलं नव्हतं.

बाईसाहेबांनी चपला काढल्या आणि पाऊल उचललं.

“न्हाई.”

बयाचा एवढा आवाज त्या घराने कधी ऐकला नव्हता. जांभळीखाली बद्रुद्दीन दचकला. काळ्या फडक्याआडची कुरकुर थांबली आणि पुन्हा सुरू झाली. आत धोंडाबाईच्या हातातला तांब्या खाली पडून गडगडत गेला.

बाईसाहेबांचं पाऊल हवेतच राहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“का नाय?” त्या हळूच म्हणाल्या. “आमी पारशी म्हणून?”

बयाला वाटलं, जमीन दुभंगावी. तिने हात जोडले. नऊ दिवस गिळलेला शब्द आता पुन्हा पुन्हा तोंडून सुटत होता. “तसं न्हाई, माय. तसं न्हाई. बाटायचं न्हाई काई...” पुढचं कुठल्या भाषेत सांगावं ते तिला समजेना. देवी म्हटलं तर हिला मूर्ती दिसते. मोती म्हटलं तर दागिने.

“लेकरू बद्रूभाऊंकडं द्या,” ती म्हणाली. “लांब. त्या जांभळीखाली. आन तुमी एकल्या या.”

बाईसाहेब तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. काय दिसलं त्यांना, कोण जाणे. त्या मुकाट्याने अंगण ओलांडून गेल्या. बद्रुद्दीनने आधी हात मुंडाशाला पुसले आणि तान्हीला काचेच्या भांड्यासारखं धरलं. बाईसाहेब परत आल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

“बये, करतीस काय!” धोंडाबाईने तिचा हात धरला. बयाने तो सोडवून घेतला, पाट बाजूला केला, पडद्यावरचा दगड पायाने सारला आणि पडदा वर उचलला.

उजेड आत शिरला तशी नंदाने मान वळवली. चेहरा म्हणावा असं काही राहिलं नव्हतं. कपाळ, गाल, ओठ, पापण्या, सगळीकडे टपोरे पाण्याचे दाणे, एकाला एक लागून, उजेडात चकाकत. एक डोळा चिकटून बंद होता. दुसरा उघडा होता आणि तो दारातल्या परक्या बाईकडे बघत होता.

बाईसाहेबांचा हात तोंडावर गेला. “शीतळा,” त्या म्हणाल्या. एवढा एकच शब्द, आणि तो बयालाही कळला.

“हां! पडदा वर! फर्स्ट क्लास!” अंगणातून शेठचा आवाज आला. ते फडक्यातून बाहेर आले होते. एका हातात रबरी गोळा, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि नजर घड्याळावर. “कोणी हलू नका!”

टक्.

“एक...”

शेठच्या उन्हातल्या डोळ्यांना आतलं काही दिसत नसावं. पण पेटीच्या डोळ्याला अंधारातलंही दिसतं, असं महिपती सांगत असे. बयाला पडदा सोडायचा होता. हात वरच राहिला. बोटांना सोडणं म्हणजे काय तेच आठवेना.

“दोन...”

बाईसाहेब वळल्या. धावल्या नाहीत. चार पावलं चालत गेल्या, पेटीच्या अगदी पुढ्यात, तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. आता दारातून पेटी दिसत नव्हती, काठ्यांचे तीन पाय तेवढे दिसत होते.

“तीन... चार... पाच...” शेठ घड्याळात बघून मोजत होते.

दहा झाले. टक्.

“अरे!” शेठनी मान वर केली. “तू हियां शुं करे? आघी खस नी!”

बाईसाहेब बाजूला सरल्या नाहीत. त्या खालच्या आवाजात नवऱ्याशी काही बोलल्या. बयाला त्यातला ‘देवी’ हा एकच शब्द समजला. शेठ चिडले, पुटपुटले, हातवारे केले, शेवटी पेटीची नळी आत ढकलून तिला कडी लावली. पडदा केव्हाच खाली आला होता. महिपती तीन काठ्या उचलायला पुढे झाला, तेव्हा बाईसाहेबांनी त्याला हाताने थांबवलं आणि त्या जड काठ्या स्वतःच्या खांद्यावर घेतल्या.

जाताना त्या बयाशी काही बोलल्या नाहीत. मात्र जांभळीखाली पोचल्यावर बद्रुद्दीनने तान्हीला पुढे केलं, तर त्या दोन पावलं मागे सरल्या. खालच्या वाटेवर टांग्यापर्यंत बयाने बघितलं: पुढे शेठ, मागे तान्हीला छातीशी धरलेला बद्रुद्दीन, आणि सगळ्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, काठ्या घेतलेल्या बाईसाहेब. रडणाऱ्या लेकराला त्यांनी एकदाही हात लावला नाही.

“न्हाई म्हनलीस,” धोंडाबाई आत भिंतीला टेकून बसली होती. “बाई बसल्या असताना न्हाई म्हनलीस. येकदा न्हाई, धा येळा.” मग तिने तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बया नेमाप्रमाणे उंबराखाली पाणी घालायला जाई आणि खालच्या वाटेवर बैलांच्या गळ्यातली घंटा वाजली तरी ओलेत्याने घराकडे पळे. महिपतीने दोनदा लोणावळ्याला जाऊन दुरून बंगला बघितला. दारंखिडक्या बंद होत्या. शेठ मंडळी मुंबईला गेली म्हणे. बाईसाहेबांनी डॉक्टरला सांगितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. आणि ते पहिलं ‘टक्’ आणि ‘दोन’ यांच्यामध्ये पेटीने काय गिळलं, तेही कळायला मार्ग नव्हता. डोळे मिटले की बयाला सोनेरी चौकट दिसे. आत कोण आहे हे बघायच्या आधीच ती डोळे उघडी.

एकविसाव्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य घेऊन घरच्यांनी देवींची गावाच्या शिवेपर्यंत पाठवणी केली. नंदा जगली. तोंडावर खड्डे राहिले, आणि चिकटलेला डावा डोळा उघडला तेव्हा त्यात पांढरं फूल पडलेलं होतं. धोंडाबाईने ते पाहिलं, सुनेकडे पाहिलं, आणि त्यावर ती कधीही एक शब्द बोलली नाही. तिने बोलावं, असं बयाला कितीदा तरी वाटे.

वैशाखात एका दुपारी बया नंदाचे केस विंचरत होती. बद्रुद्दीन कुंपणापाशी येऊन खाकरला. या वेळी तो आत आला, ओट्यावर टेकला, आणि बंडीच्या आतल्या खिशातून जाड पिवळं पाकीट काढून त्याने बयाच्या पुढ्यात ठेवलं.

“बाईसाहेबांनी धाडलंय. तुमच्या हातात द्या म्हनल्या. शेठला ठावं न्हाई.”

पाकीट ताठ होतं, पत्रासारखं लवत नव्हतं. महिपती गोठ्यातून हात पुसत आला. त्याने पाकीट पाहिलं आणि तोही जागच्या जागी थांबला. बंगल्यात त्याने असली पाकिटं पाहिली होती.

“फोटू हाय,” तो म्हणाला.

बयाने नंदाला आत पाठवलं. “बद्रूभाऊंस्नी ताक द्याया आजीला सांग जा, नंदे.” पोरगी दिसेनाशी झाल्यावर तिने पाकीट फोडलं. आतला कागद ती खालच्या कडेपासून थोडा थोडा बाहेर सरकवत गेली. वेताच्या खुर्चीचा पाय. साडीची किनार. एक इवलंसं पाऊल, त्यात वाळा नव्हता.

नंदाचं नव्हतं.

तिने कागद पूर्ण बाहेर काढला. कुणाच्या तरी मांडीवर तान्ही पिलू बसली होती, बिनदाताची, हसत. मांडी बाईसाहेबांची असावी, पण त्यांचं तोंड फोटोत आलं नव्हतं, दोन हात तेवढे होते. एका हाताने झग्याची बाही पार खांद्यापर्यंत वर केली होती आणि दुसऱ्या हाताचं बोट उघड्या दंडाशी टेकलं होतं. दंडावर चार गोल वण होते, पावलीच्या नाण्यासारखे, एकाखाली एक.

बयाचा अंगठा त्या चार वणांवरून फिरला.

“त्या दिशीची फोटूची काच शेठनं धुतली,” बद्रुद्दीन ताकाची वाट बघत सांगू लागला, “तर तिच्यात निस्ती बाईसाहेबांची पाठ. कडंला जरा लिंबाचा डहाळा. अजून चिडतोय मानूस. म्हनतो, येवढी मोत्यांची देवी आन मधी तू भिंतीवानी उभी. बाईसाहेब म्हनत्यात, देवीलाच नको असंल.”

महिपती हसला. फाल्गुनापासून पहिल्यांदा हसला. त्याने बयाच्या हातातून फोटो घेऊन उन्हात धरला.

“लय झ्याक आलाय. मी काय म्हनतो, लोनावळ्यातनं काचंत घालून आनतो. दाराम्होरच्या भिंतीला लावू. बंगल्याचं बाळ आमच्या घरी, गाव बघाया यील.”

तो भिंतीवर खिळ्याची जागा बघत होता, तेवढ्यात बयाने फोटो काढून घेतला. आत जाऊन तिने पेटी उघडली, सगळ्यात खालचं ठेवणीतलं लुगडं बाहेर काढलं, त्याच्या मधल्या घडीत फोटो उताणा ठेवला आणि वरून कापड सारखं केलं.

“अगं, घडीत काय घालतीस त्येला? कुनाला दिसंल तितं?”

“उगडं हाय लेकरू,” बया म्हणाली. “घरात चार मानसं येत्यात-जात्यात.”

आणि तिने पेटीचं झाकण लावलं.